बिब्ब्याचा चटका, मताची शाई

कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघाल्या की मी आता राहते त्या बोरगाव मेघेच्या रस्त्यावरच्या बाभळींना दाढी फुटते. गाडीवरून उडालेला कापूस काट्यांत अडकतो, आणि बघता बघता एकूण एक बाभूळ अशी दिसायला लागते की जणू सगळी झाडं एकाच दिवशी निवृत्त झाली आणि आता पेन्शनच्या खिडकीबाहेर रांगेत उभी आहेत. यंदा दाढीसोबत भोंगाही आलाय. सकाळी मी गच्चीवर तूर निवडत असते आणि खालून एक ऑटो गळा काढत जातो. अमक्याला निवडून द्या, तमक्याला प्रचंड बहुमतानं द्या. एवढा आवाज ऐकून मलाच वाटतं की काहीतरी देऊन टाकावं आणि सुटावं.

वेचणी आणि मतदान असं एकाच हंगामात आलं की मला माझी धाकटी जाऊ आठवते. तशी ती विसरायला सवड कुठे देते, एक दिवसाआड फोन असतोच. पण ही आठवण वेगळी. तिला कापसाचा वास आहे, आणि जळक्या बिब्ब्याचा.

आधीच सांगून ठेवते, माझ्या हाताला मीठ थोडं जास्त पडतं. भाजीतही आणि गोष्टीतही. आमच्या घरी रिवाजच आहे, मोठ्या सुनेनं काही सांगितलं की आधी पावशेर वजा करायचं आणि मग ऐकायचं. तुम्हीही करा, माझी हरकत नाही. फक्त शेवटाला वजन करताना जपून, तिथे मी काटा मारलेला नाही.

तर जाऊ. तिचं नाव फूलमाया. गावानं फुला केलं. नेपाळातल्या पाल्पाच्या डोंगरातली ती. आष्टी तालुक्यातल्या आमच्या सासरच्या गावात ती कशी आली, हे मी आजवर निदान सात प्रकारे सांगितलं आहे. त्यातला सगळ्यात सपक प्रकार खरा. माझे धाकटे दीर राजू भाऊजी तेव्हा यात्रेची बस चालवायचे. थंडी पडली की आमच्या भागातल्या उपासक-उपासिका पांढऱ्या लुगड्याधोतरांत बसमध्ये बसायच्या आणि बोधगया, सारनाथ, कुशीनगर करत लुंबिनीपर्यंत जायच्या. लुंबिनीला सगळ्यांनी वंदना केली, भाऊजींनी चहा प्यायला. चहाच्या टपरीवर फुला होती. बस तिथे मुक्कामाला होती तेवढ्या वेळात भाऊजींनी इतका चहा प्यायला की परतीच्या वाटेवर स्टेअरिंग सोडलं तरी हात थरथरत होते, असं प्रवासी सांगतात. दुसऱ्या वर्षी बस गेली तेव्हा पुन्हा तोच चहा. तिसऱ्या वर्षी बस आली ती एक माणूस जास्तीचं घेऊन.

दारात माझ्या सासूबाई उभ्या. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. मामींनी लेकाला आपादमस्तक न्याहाळलं, मग सुनेला.

"माय, तिथचा चहा लय गोड होता," भाऊजी म्हणाले.

"मंग साखर आणाची होती," मामी म्हणाल्या, "पोरगी काऊन आणली?"

आणि आत गेल्या. त्यानंतर कित्येक वर्षं मामींच्या तोंडी तिला नाव नव्हतं. 'ते नेपायवाली'. नेपायवालीले म्हणा पाणी भर. नेपायवाली जेवली का? विचारायच्या सगळं, काळजीही करायच्या, पण ताट पुढे सरकवताना शब्द मात्र हात राखून वाढायच्या.

पहिल्याच हिवाळ्यात मी तिला पऱ्हाटीत नेलं. आमच्याकडे कपाशीला पऱ्हाटी म्हणतात. शेत फुटलं होतं. सकाळचं दव बोंडांवर, पाय टाकला की साडी गुडघ्यापर्यंत ओली. कमरेला ओटी बांधून आम्ही तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला, लागलो आणि थोड्या वेळानं बघते तर ही बाई तासाच्या मध्ये नुसती उभी. समोर क्षितिजापर्यंत पांढरं, त्यावर निळं, मध्ये एक टेकाड नाही.

"काय झालं वं?"

"दिदी," ती म्हणाली, "इथं डोळा कुठं टेकवायचा?"

मी त्या जमिनीवर जन्मले, मला कधी हा प्रश्न पडला नव्हता. डोळा टेकवायचा असतो हेच माहीत नव्हतं. मी तिला दूर एक कडुनिंब दाखवला आणि म्हटलं, सध्या त्याच्यावर टेकव, पुढचं पुढं पाहू. ती कित्येक दिवस त्या कडुनिंबाकडे बघून कापूस वेचायची. कडुनिंब लाजला असेल.

कापूस मऊ असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो दुकानातच पाहिलेला असतो. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. कापूस ओढताना ती नेमकी नखाच्या कडेला घुसतात. हंगाम संपेपर्यंत वेचणाऱ्या बाईच्या बोटांवर इतक्या खुणा होतात की तिचा अंगठा घेतला तर कागदावर गोधडी उमटेल. त्यावर आमच्याकडे औषध एकच, बिब्बा. दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेल फुटून तडतडलं की दुखऱ्या जागी टेकवायचा. जो चटका बसतो त्यानं माणसाला मागचे सगळे जन्म आठवतात. आम्ही बुद्धाला मानणारे, मागच्या जन्मांचं आमच्याकडे फारसं नसतं, तरी आठवतात. मग ठणका थांबतो. जागा काळी पडते, आणि तो काळा डाग साबण, राख, रॉकेल कशालाही दाद देत नाही. कातडी जाते तेव्हाच तो जातो.

गावात बिब्ब्याला हात चालायचा तो मामींचाच. फुलानं पहिल्यांदा त्यांच्या हातात तो तडतडणारा बिब्बा पाहिला आणि ती किंचाळून मागच्या दारानं जी पळाली, ती मी सांगते त्याप्रमाणे वर्धा नदीच्या काठावर सापडली. खरं म्हणजे गोठ्यात होती. त्यांच्या डोंगरात तेच झाड आहे. भलायो म्हणतात. पण तिकडे त्याला घाबरतात. झाडाखालून गेलं तरी अंग सुजतं म्हणतात, लहान लेकरांना त्या बाजूनं फिरकू देत नाहीत. आणि इथे तिची सासू तेच फळ विस्तवावर तापवून माणसांना लावून राह्यली होती, आणि माणसं रांगेत बसून लावून घेऊन राह्यली होती.

"तुमच्या गावाले भीती नाई काय?" तिनं मला गोठ्यात विचारलं.

"आहे न," मी म्हटलं, "मामीची."

आता मामाजींबद्दल. आमचे मामाजी प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि घरातही मास्तरच राहिले. नियमाचा माणूस. घड्याळ बंद पडलं तर मामाजींकडे बघून लावावं. त्यांचा सगळ्यात कडक नियम मतदानाच्या दिवसाचा. त्या दिवशी अख्ख्या घरानं आंघोळी करून पांढरे कपडे घालायचे, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीपुढे हात जोडायचे, आणि कोरड्या तोंडानं मतदानाला जायचं. घरातलं शेवटचं मत पडल्याशिवाय चूल पेटत नाही. चहासुद्धा नाही. मामाजी म्हणायचे, "आपल्या आज्यानं गावच्या विहिरीचं पाणी नाई पेलं, तरी जगला. तुम्ही एक मत पडेलोक चहा नाई पेले तं मराल काय?" यावर उत्तर नव्हतं. मला विचाराल तर उत्तर होतं, पण मोठ्या सुनेला ते विचारत नव्हते.

आणि दुसरा नियम, कोणाला दिलं ते सांगायचं नाही. नवऱ्यानं बायकोला नाही, बापानं लेकाला नाही. "ज्यानं तुमाले मत देल्लं त्यानं पडदाबी देल्ला," मामाजी म्हणायचे. आमच्या घरात त्यामुळे एकाच तव्यावरची भाकर खाणारी माणसं वेगवेगळी बटणं दाबून येत असतील, कोणाला पत्ता नाही.

फुलाला मत नव्हतं. निवडणूक कोणतीही असो, आम्ही सगळे शुभ्र होऊन निघायचो आणि ती मागे राहायची. पातेल्यात पाणी, साखर, पत्ती घालून, गॅसजवळ काडेपेटी घेऊन बसायची. आम्ही शाईची बोटं घेऊन परतलो की ती आमच्या बोटांकडे बघायची, मोजून घ्यायची, आणि मग काडी ओढायची. असं किती निवडणुका चाललं ते मी सांगत नाही, माझे आकडे कोणी धरत नाही. पण तिची पोरं शाळेत जाऊ लागली, आणि एकदा धाकटीनं विचारलं, "आई, तुह्या बोटाले काऊन लावत नाईत?" फुला म्हणाली, "मी इथली नाई न अजून." त्या वेळी मामी गॅसपाशी होत्या. त्या दिवशी चहा उतू गेला.

बरं, तिकडेही तिनं कधी मत दिलं नव्हतं. ती वयात आली तेव्हा त्यांच्या डोंगरात माओवाद्यांची गडबड होती, पेटी त्यांच्या पाड्यापर्यंत पोहोचलीच नाही. तिच्या बानं, तिच्या वडिलांनी, पुढे मत दिलं, अंगठ्याला शाई लावून आले, पण तोवर ही डोंगर उतरून टपरीवर आली होती. म्हणजे चाळिशीला आलेली बाई, दोन देश बघितलेली, आणि मत एकाही देशात नाही.

मग एक दिवस मामाजींनी ठरवलं की ही सुधारणा करायची. लग्न होऊन वर्षं लोटली होती, इथल्या नागरिकत्वाचा अर्ज करता येत होता. त्यानंतर सासरा आणि सून असे ते दोघं जे वर्ध्याला कचेरीत खेटे घालू लागले ते आष्टीच्या एसटीच्या कंडक्टरांच्या दोन पिढ्यांनी पाहिलं. कचेरीच्या पायऱ्या मधोमध झिजल्या आहेत. लोक म्हणतात इंग्रजांच्या बुटांनी झिजल्या. मी म्हणते आमच्या फुलाच्या चपलेनं. ती जाऊन एका टेबलाच्या बाजूला उभी राहायची. बाजूला उभं राहण्याचा तिला इतका सराव झाला होता की पुढे पुढे घरातही ती दाराच्या कडेलाच उभी राहून बोलायची.

शेवटी काम झालं. पण त्याच्या आत एक गोष्ट करावी लागली. तिकडचं नागरिकत्व सोडावं लागलं. तिनं बाला फोनवर सांगितलं. फोनपलीकडून डोंगरातल्या वाऱ्याचा आवाज येत होता. मग बा म्हणाले की पोरगी दिली होती, देश दिला नव्हता. आणि फोन ठेवला. त्यानंतर भाऊ बोलायचा, वहिनी बोलायची, बा शेताकडे गेलेले असायचे. त्यांच्या शेताला त्या वर्षी फार मशागत मिळाली असली पाहिजे.

आणि आली ग्रामपंचायतीची निवडणूक, ऐन वेचणीत. एका बाजूला कपबशी, दुसऱ्या बाजूला छत्री. थंडीच्या दिवसांत छत्रीचं काय काम असं कपबशीवाले म्हणायचे, आणि छत्रीवाले म्हणायचे की कपबशी फुटते. एवढाच काय तो दोन्हींच्या कार्यक्रमांतला फरक. गावात फुलाचं नाव यादीत आलं हे कळल्यावर आमच्या ओट्यावर जत्रा भरली. कारण उरलेली सगळी मतं गावाला पाठ होती. कोणाचं कुठे जाणार हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. कोरं मत असं एकच, फुलाचं. ज्यांनी तिला कधी 'कशी आहेस' विचारलं नव्हतं ते तिच्या हातचा चहा गोड लागल्याचं सांगू लागले. कपबशीकडून माझा चुलतदीर विलास यायचा, छत्रीकडून किराणा दुकानवाला मनोहर. दोघं पुठ्ठ्याचं खोटं मशीन घेऊन यायचे आणि बटण कसं दाबायचं ते शिकवायचे. ती दोघांचंही मन लावून शिकायची, दोघांनाही "हजुर" म्हणायची, आणि दोघंही समाधानानं जायचे. ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई राजकारणात माझ्यापेक्षा पुढे जाईल.

मतदानाच्या आदल्या दिवशी दुपारी शेतात तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटात बोंडाचं टोक गेलं. नखाच्या मुळाशी. संध्याकाळपर्यंत बोट टम्म. मामी ओसरीवर आल्या, दाभण घेतलं, दिवा लावला. मी फुलाकडे पाहिलं, आता पळते की काय. ती मुकाट्यानं पाटावर बसली आणि तिनं हात पुढे केला. डोळे मिटले नाहीत. मामींनी बिब्बा टेकवला, चर्र झालं, फुलानं तोंडातून आवाज काढला नाही. मामी मिनिटभर तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "हं," म्हणाल्या, आणि दिवा विझवला.

तिथे आम्ही सगळे होतो. मामाजी, भाऊजी, मी. मतदानाचे सगळे नियम तोंडपाठ असलेलं घर. आणि उद्या शाई कोणत्या बोटाला लावतात हे एकालाही आठवलं नाही. वेचणीच्या दिवसांत बोट हे कापसाचं असतं, मताचं असेल हे कोणाच्या डोक्यात येणार?

सकाळी आम्ही निघालो. गारठा होता, तोंडातून वाफ निघत होती, पोटात चहा नव्हता. जिल्हा परिषदेच्या शाळेत केंद्र. भिंतीवर बाराखडी, खिडकीत पोरांनी लावलेला हरभरा. मामाजी मत देऊन बाहेर पडले आणि त्यांच्या नियमाप्रमाणे लगेच चुन्याच्या रेषेपलीकडे कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले. भाऊजी झाले, मी झाले. मामींना बायकांशी बोलायचं होतं म्हणून त्या रांगेतच रेंगाळत होत्या. फुला नवी पांढरी साडी नेसून टेबलाशी गेली. नाव वाचलं गेलं. नाव बरोबर, फोटो बरोबर. शाईवाल्या कर्मचाऱ्यानं तिचा डावा हात उलटा केला आणि त्याची काडी हवेतच थांबली.

बोटाच्या नखाच्या मुळाशी, जिथे शाईची रेघ असते नेमकी तिथे, काळाकुट्ट डाग.

"बाई, तुम्ही मत टाकून आलेल्या दिसता."

"नाई हजुर."

"मग हे काय?"

"बिब्बा."

केंद्राचे साहेब वर्ध्यात वाढलेले, सज्जन गृहस्थ. बिब्बा त्यांना वाक्प्रचारात माहीत होता, बोटावर नव्हता. एजंटांच्या बाकावरून मनोहर उठला. फुलाचं मत कपबशीलाच जाणार असं त्यानं आपल्या मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं.

"माही हरकत आहे साहेब. खूण असली तं मत नाई. आन ह्या बाई कोठच्या, तिकडं काय टाकून आल्या, आपल्याले काय मालूम?"

"काय बोलून राह्यला बे?" विलास उठला. "तुह्या दुकानातून मीठमिरची नेते ते रोज, आन तुले मालूम नाई?"

साहेबांनी दोघांना बसवलं आणि फुलाला म्हणाले, "तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा."

ती बाजूला जाऊन उभी राहिली. खिडकीशी, हरभऱ्याच्या शेजारी. इतक्या सहज की जणू तिची तिथे जागा राखलेली होती. हात पदरात घेतला. मी धावत बाहेर मामाजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, आता हा माणूस गरजेल. मामाजींनी ऐकून घेतलं. त्यांचे ओठ थंडीनं निळे पडले होते.

"साहेब बरोबर करून राह्यले," ते म्हणाले. "खूण असली तं थांबवलंच पायजे."

"अहो पण मामाजी, बिब्बा आहे न तो!"

"मले मालूम आहे. त्याईले मालूम नाई." आणि त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. रेषेच्या आत पाऊल टाकलं नाही. पण हातातली काठी जमिनीत इतकी रुतवली की ती काढायला नंतर दोन माणसं लागली. बरं, एक लागला.

मी परत आत आले तेव्हा मामी रांग मोडून टेबलापुढे पोहोचल्या होत्या. साहेब म्हणत होते, "आजी, रांगेत या." मामींनी ऐकलं नाही. त्या टेबलासमोर जमिनीवर बसल्या, चप्पल काढली, आणि आपली टाच साहेबांच्या दिशेनं वर केली. टाचेवर तसाच काळा डाग.

"पाह्य बापा. हा बिब्बा. मीनंच लावला मले. आन माह्या सुनेलेबी कालच्यान मीनंच देल्ला चटका. काय फाशी द्याची ते मले दे."

माझ्या सुनेला. मी तिथे होते, माझ्या कानांनी ऐकलं. मामींना नंतर विचारलं तर त्या म्हणाल्या, "मी कायले म्हणू? तुहे कान बिघडले."

पण पुढचं ऐका. मागून एक म्हातारी खाली बसली आणि तिनंही टाच वर केली. ती मनोहरची आई. "हे पाह्य साहेब, माहीबी. परवा हिच्या सासूनंच देल्ला. आन तू रे मन्या, तुह्या ढोपरावरचा दाखव न साहेबाले! पोळ्याले सायकलवरून पडला तवाचा!" मग तिसरी बसली, चौथी बसली. कोणी टाच, कोणी कोपर, कोणी बोटं. शाळेच्या त्या वर्गात, जिथे पोरं पाटीवर अक्षरं दाखवत असतील, तिथे गावातल्या बायका फरशीवर बसून आपापले काळे डाग दाखवू लागल्या. मी म्हणते साठ टाचा होत्या. पावशेर वजा करा. तरी साहेबांना कुठे बघावं ते कळेना.

त्यांनी यादी पुन्हा पाहिली. नावापुढे खूण नव्हती. मनोहरकडे पाहिलं. मनोहर आपल्या आईकडे बघत होता, आणि आई त्याच्या ढोपराकडे.

"हरकत?"

"नाई," मनोहर म्हणाला. "मांगं घेतली."

साहेबांनी फोनवर कोणाला तरी विचारलं, आणि शेजारच्या बोटाला शाई लावायला सांगितली. फुलानं पदरातून हात काढला. मधल्या बोटाला जांभळी रेघ ओढली गेली, तिच्या शेजारी बिब्ब्याचा डाग. मग ती पुठ्ठ्यामागे गेली.

तिथे ती इतका वेळ होती की शेतात एक वेचा होऊन पऱ्हाटीला दुसऱ्यांदा बोंडं आली. खिडकीतल्या हरभऱ्यावर ऊन आलं. मला तिच्या फक्त चपला दिसत होत्या, टाचा जराशा उचललेल्या, डोंगर चढताना उचलतात तशा. मग यंत्र लांबलचक वाजलं.

कपबशी एका मतानं निवडून आली, असं मी सगळीकडे सांगते. खरं तर बऱ्याच मतांनी आली, पण त्यात गोष्ट राहत नाही.

मामींचंही मत पडलं, आणि घरी आलो तेव्हा उन्हं ओसरीवर चढली होती. फुला सवयीनं काडेपेटीकडे गेली. मामींनी ती तिच्या हातातून काढून घेतली, गॅस पेटवला, आणि पहिला कप तिच्यापुढे ठेवला. मामाजी खुर्चीत बसले, बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि त्यांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली.

"फुला, कोणाले देल्लं वं?"

मी कप खाली ठेवला. फुला दाराच्या कडेला उभी होती. तिथून ती आत आली आणि मधोमध फरशीवर मांडी घालून बसली.

"मामाजी," ती म्हणाली, "पडदा असते न त्याले."

मामाजींनी बशी तशीच धरून ठेवली. बराच वेळ मान हलवत राहिले. चहा पार निवला, तो त्यांनी तसाच प्यायला, आणि आणखी एक मागितला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं व्हिडिओवाला फोन लावला. मी तूर निवडत शेजारीच होते. भावानं फोन उचलला, मागे चुलीचा धूर, आणि तो म्हणाला, थांब. पडदा हलला आणि बा दिसले. वर्षभरानंतर पहिल्यांदा. टोपी, सुरकुत्या, मागे एक डोंगर, ज्यावर खरंच डोळा टेकत होता. फुलानं आपला डावा हात फोनपुढे धरला.

बांनी डोळे बारीक केले. दोन काळी बोटं. मत किती ठिकाणी दिलंस, असं काहीतरी त्यांनी विचारलं. ती हसली, म्हणाली एकच दिलं, दुसरा भलायो. भलायो म्हटल्यावर म्हातारा फोनमध्ये शिरतो की काय इतका पुढे आला. भलायो बोटाला? कोणी लावला? तिनं सांगितलं, सासूनं. मग बा अंगठा स्वतःच्याच डोळ्यांसमोर धरून, त्यावर कधीकाळी शाई होती ती शोधत असल्यासारखे, हळू म्हणाले, "कुन दुख्छ?"

कोणतं दुखतं. तेवढी नेपाळी मला एव्हाना येत होती.

फुलानं दोन्ही बोटांकडे पाहिलं. "भलायो," ती म्हणाली. लगेच, हसून.

बा हसले. म्हणाले, तूप लाव. मग भाताचं विचारलं, पोरांचं विचारलं, म्हशीचं सांगितलं. वर्षभराचं सगळं बोलले.

बिब्ब्याचा चटका पहिल्या घटकेलाच काय तो दुखतो. दुसऱ्या दिवशी ती जागा मेलेली असते, सुई टोचली तरी कळत नाही. हे आमच्या गावात तान्ह्या पोरालाही माहीत आहे आणि फुलालाही माहीत होतं. मी आयुष्यभर खोटं बोलत आले आहे, मापाचं, बिनमापाचं, चवीपुरतं आणि पोटभर. इतकं चोख मला एकदाही जमलेलं नाही.